सही झाली तवा मी कोठी होती

साहेब, मायच्या केसमधे मंगळवारी माही साक्ष झाली. तुमी असते तं पयले हेच इचारलं असतं का मुंडी हालवली का तोंडानं बोलली. तोंडानं बोलली. मोठ्यानं बोलली, टायपिंगवाल्या बाईनं पुन्हा सांगा म्हणून एकदाही मान वर नाही केली. तुमाले जाऊन सात वर्सं झाली. मी आता एकोणीस वर्साची हाय, नववीतून शाळा सोडली, अमरावतीले एका लेडीज टेलरकडं ब्लाऊज शिवतो, आन हे दुकानातल्या मापाच्या वहीच्या मागच्या पानाईवर लिहून राहिली. जसं तोंडात येते तसंच लिहितो, दुसरं मले जमत नाही. गिऱ्हाईक आलं का मी मापं घेतो आन गप रायतो, बाया मालकिणीले इचारतात का पोरगी मुकी हाय का काय. तुमच्यासंगं बोलाले मात्र मले भेव नव्हतं वाटत, सुरवातीचे काही दिवस सोडले तं.

तुमचं ऑफिस म्हंजे तुमच्या अकोल्याच्या घराची समोरची खोली. तुमी मूळचे अमरावतीचे, सारी वकिली अकोल्यात केली आन अकोल्याच्या उन्हाले रोज शिव्या देल्ल्या. आमी पयल्यांदा आलो तवा मी नऊ वर्साची. माय दाराजवळ खाली बसली. तुमी म्हणले, "बाई, खुर्चीवर बसा. कोर्टात बसाले भेटत नाही, इथं तरी बसून घ्या." माय खुर्चीच्या काठावर बसली, उठाची घाई असल्यावानी. काकूनं आतमधून चहा आणला आन मले पारलेचा अख्खा पुडा देल्ला, तो मी हातात धरून ठेवला, फोडाची लाज वाटली. मंग मायनं सगळं सांगतलं. मायचे बाबा म्हंजे माहा आजा, त्याचं बार्शीटाकळीजवळ सात एकर वावर. आजा गेला तवा मागं दोघंच, मामा आन माय. माहे बाबा मी दोन वर्साची असतानीच गेले होते, म्हणून मायले त्या वावराचाच आधार. मी सहा वर्साची असतानी आमी आखाजीच्या सणाले मामाकडं गेलो. दुसऱ्या रोजी मामानं मायले बार्शीटाकळीच्या रजिस्ट्री ऑफिसात नेलं, मलेही संगं घेतलं. मामा म्हणला का सातबाऱ्यावर बाबाच्या जागी आपल्या दोघाईचं नाव चढवायचं हाय, सही पायजे. मायनं सही केली. घरी येऊन आंब्याचा रस आन पुरणाची पोळी खाल्ली, मामानं मायले साडी नेसवली. दोन वर्सानं मायनं तलाठ्याकडून सातबारा काढला तं त्याच्यावर मामाचं एकट्याचं नाव. ज्याच्यावर सही केली तो कागद हक्कसोडीचा होता. बहिणीनं आपला हिस्सा राजीखुशीनं भावाले सोडून देल्ला, असं त्यात लिहिलं होतं.

तुमी मधात एकदाही टोकलं नाही. शेवटी एवढंच इचारलं का सही कराच्या आंधी कागद वाचला होता का. माय म्हणली, "भाऊ समोर उभा असतानी कागद वाचून पाहू का जी? त्याले काय वाटलं असतं?" तुमी पेन खाली ठेवला. मले वाटलं आता मायवर रागावतात. तुमी चष्मा पुसला आन कोणाशीच न बोलल्यावानी बोलले, "कोर्ट धरून चालते का सही केली म्हंजे माणसानं वाचून केली. आमच्या कायद्याच्या पुस्तकातल्या माणसाले बहीण नसते, भाऊ नसते." मले तवा ते समजलं नाही. आता समजते. आमच्याकडं भावाच्या हातातला कागद वाचून पाहणारी बहीण म्हंजे माहेर तोडाले आलेली बहीण. सगळ्या गावाले हे मालूम हाय, रजिस्ट्री ऑफिसातल्या साहेबालेही मालूम असन. फक्त कोर्टाच्या कागदात ते कोठी बसत नाही.

मंग तारखा लागल्या. दर तारखेले माय निंदणीले जाणं सोडून, मी शाळा सोडून, बार्शीटाकळीहून एसटीनं अकोल्याले. कोर्टाच्या व्हरांड्यात तो भिंतीले लागून बाक होता, त्याचा एक पाय डुगडुगत होता, तठी आमी बसलेलो. तुमी दुपारच्या सुट्टीत काळा कोट हातावर टाकून येत, मायनं आणलेल्या भाकरीतली चतकोर तोडून घेत, ठेचा खाऊन डोळ्यातून पाणी काढत, आन बोलत. मायले ते बोलणं कळे ना कळे, मी मात्र ऐकत राहो. एकदा मामाच्या वकिलानं मुदत मांगतली, कोर्टानं देल्ली. त्याच्या आंधी तुमी मांगतली होती, तुमालेही देल्ली होती. माय म्हणली का चला, दोघाईले सारखंच तं केलं साहेबानं. तुमी हासले. म्हणले, "हो बाई, कागदावर बरोबर सारखं. तुमचा भाऊ मोटरसायकलवर आला, कचोरी खाल्ली, वापस गेला. तुमची आजची मजुरी गेली, पोरीची शाळा गेली. न्याय मोजायचा असन तं कोर्टाच्या आत मोजू नये. एसटी स्टँडवर उभं राहून वापस जाणाऱ्या माणसाईची तोंडं पाहावं."

जजसाहेबाले तुमी कधी वंगाळ बोलले नाही. मायच्या मनात होतं का मामानं काही देऊन-घेऊन ठेवलं हाय, म्हणून तारीख पुढं जाते. तुमी म्हणले का नाही, तसं असतं तं सोपं होतं, चोर धरता आला असता. साहेब सकाळी खुर्चीवर बसते तवा टेबलावर फायलीचा ढीग असते, आपली पाळी येता येता पाच वाजतात. तीन वर्सात साहेबाची बदली होते, नवीन येते ते बिचारं पयल्या पानापासून वाचते. कोणीच चोरी करत नाही आन तरी तुमच्या हिश्श्यातून रोज थोडंथोडं चोरीले जाऊन राहिलं, असं तुमी म्हणले. हे सांगतानी तुमचा आवाज चढत नव्हता. थकल्यावानी बोलत, जसं माणूस गुडघ्याचं दुखणं सांगते.

एक दिवस आतमधे काहीतरी मोठा हुकूम झाला. साहेबानं इंग्रजीत सांगतला, दोन्ही वकील खाली वाकले, माय हात जोडून उभी. बाहेर आल्यावर माय तुमाले म्हणे, काय झालं जी, जितलो का हारलो. जितलो बी नव्हतो, हारलो बी नव्हतो, फक्त मामाले वावर विकता येणार नाही एवढं झालं होतं. तुमी समजून सांगतलं आन मंग म्हणले, "निकाल आतमधे लागते आन समजते व्हरांड्यात. चाळीस वर्सं झाली, मी व्हरांड्यातलाच वकील हाय." तवा मी पयल्यांदा तुमाले आपल्या मनानं काही इचारलं. म्हणलं, आजोबा, हे तुमी आतमधे काहून नाही सांगत. मायनं मले चिमटा घेतला. तुमी म्हणले आतमधे बोलाची फी भेटते, हे फुकटचं हाय. पन उठतानी म्हणले का आतमधे हे बोलाले जागाच नाही पोरी, तिथं जेवढं इचारलं तेवढंच सांगता येते. त्या दिवशी मले वाटलं का तुमालेही कोणीतरी बाकावर बसवून ठेवलं हाय.

मी अकरा वर्साची असतानीचा तो दिवस तुमाले आठवत असन. कोर्टाच्या गेटवर चहाच्या टपरीपाशी एक माणूस बसलेला राहे, इस्त्रीचं पांढरं धोतर, कपाळाले गंध, मोठ्या घरचा वाटे. दुसऱ्या केसमधल्या एका बाईनं मायले सांगतलं का थोडे पैसे देल्ले का हा माणूस तुह्यासाठी साक्ष देईन, मी त्या रोजी रजिस्ट्री ऑफिसात होतो, भावानं बहिणीले खोटं सांगून सही घेतली ते म्या कानानं ऐकलं, असं म्हणन. मायनं मोठ्या आशेनं तुमच्या ऑफिसात येऊन सांगतलं. तुमाले तेवढं रागावलेलं मी कधी पाह्यलं नाही. टेबलावर हात आपटला, आतमधून काकू बाहेर आली. तुमी म्हणले, "बाई, तुमचं म्हणणं खरं हाय म्हणून मी उभा हाय. त्याच्यापुढं एक खोटा साक्षीदार ठेवला का तुमच्या खऱ्यालेही त्याचाच वास येईन. त्या माणसाचं पुन्हा नाव काढलं तं फाईल घेऊन जा, मले हे काम नाही करायचं." माय रडाले लागली. तिचं काय चुकलं हेच तिले समजत नव्हतं. जे झालं तेच तं तो सांगणार होता. काकू म्हणली, जरा दमानं बोला, बाईमाणूस हाय.

जराशानं तुमी शांत झाले. मायले पाणी देल्लं. म्हणले, बाई, बरोबर सांगा, सही झाली तवा तिथं तुमच्या बाजूचं कोण होतं. माय पदरानं डोळे पुसत म्हणली, कोण राहणार जी, हे पोट्टी होती. तुमी माह्याकडं वळले. इचारलं, पोरी, मामा तुह्या मायले काय म्हणला ते तू ऐकलं का. मी मुंडी हालवली. तुमी पुन्हा रागावले, पन आता तो राग येगळा होता. "मुंडी कागदावर येत नाही. कोर्टाले मुंडी दिसत नाही. तोंडानं सांग." मंग मी सांगतलं. मामा म्हणला, बाबाच्या जागी आपल्या दोघाईचं नाव चढवायचं हाय, तू इथं सही मार, बाकी मी पाहून घेतो. तुमी ते जसंच्या तसं लिहून घेतलं. लिहितानी तुमचा चेहरा बदलून गेला. मायले म्हणले, घ्या, खरा साक्षीदार घरातच होता आन तुमी टपरीवर पाहून राहिल्या होत्या. उद्या थोडी मोठी होईन, आपून हिले उभं करू.

पुढच्या तारखेले तुमी मले कोर्टाच्या बाहेरच्या बोर्डावरचा आपल्या केसचा नंबर वाचाले सांगतला. मी डोळे बारीक केले तरी दिसे ना. शाळेत फळा नव्हता दिसत, ते मी कोणाले सांगतलंच नव्हतं, बाजूच्या पोरीच्या वहीत पाहून उतरवो. तुमी कोट तसाच अंगात ठेवून मले गांधी रोडच्या एका दुकानात घेऊन गेले, डोळे तपासले, चष्मा घेऊन देल्ला. माय नोको नोको करत राहिली. तुमी तिले म्हणले का साक्षीदाराचे डोळे पक्के पायजे. चष्मा घातला आन झाडाले येगयेगळी पानं असतात ते मले दिसलं. एसटीतून घरी जातानी मी खिडकीतून सारी पानंच पाहत गेली. त्याच्यानंतर तीन वेळा काच बदलली साहेब, पन डब्बी तीच हाय.

तुमी गेले त्या रोजी तारीख होती. मले ताप होता म्हणून माय एकटीच गेली होती. ती दुपारीच वापस आली, डब्बा तसाच. चुलीपाशी बसली आन म्हणली, साहेब गेले. सकाळी कोर्टात जायच्या तयारीत होते, खुर्चीवर बसून बूट घालतानीच गेले म्हणे. मंग म्हणली, कोर्टात गेली होती, पुढची तारीख देल्ली. त्या दिवशीही तारीख भेटली साहेब. त्याच्यानंतर फाईल दोन-तीन वर्सं कोठी पडून होती ते देवाले मालूम. मायची कंबर गेली, वावराची कामं होईनात, मी नववीत होती तवा आमी अमरावतीले आलो. माय पोरींच्या होस्टेलच्या मेसमधे पोळ्या लाटते. शाळेचा दाखला काढला तो दुसऱ्या शाळेत भरलाच नाही. कोणी रागावलं नाही. तुमी असते तं रागावले असते, एवढं मनात आलं होतं.

तुमच्या हाताखाली ज्या मॅडम होत्या, पातळशा, सदा घाईत, त्याहीनं फाईल शोधून काढली. पैसे नाही मांगतले. औंदा केस साक्षीवर आली. पयले मायची झाली. मायचं म्हणणं टाईप करून देल्लं होतं, ते बरोबर होतं. मंग मामाच्या वकिलानं उलट इचारणं सुरू केलं. मामा समोरच बसला होता. लय वाळला हाय तो, दाढी पांढरी झाली, मामी गेल्यापासून घरी एकटाच हाय म्हणे. वकील मायले म्हणला का तुमच्या भावानं तुमाले फसवलं असं तुमचं म्हणणं हाय का. हो म्हणायचं होतं फक्त. मॅडमनं चार वेळा घोकून घेतलं होतं. मायनं मामाकडं पाह्यलं आन डोक्यावरचा पदर पुढं ओढला. म्हणली, "नाही जी. माहा भाऊ फसवणारा माणूस नाही."

मॅडमनं डोळे मिटले. जजसाहेब बाई हायेत, चांगल्या हायेत, त्याहीनं मायले पुन्हा इचारलं, मावशी, समजून सांगा, घाबरू नका. माय म्हणली, चार लोकाईत सख्ख्या भावाले चोर कसं म्हणू साहेब, तुमीच सांगा. जजबाईंनी तिच्याकडं जराक वेळ पाह्यलं. मंग टायपिंगवाल्या बाईले सांगतलं, भावाने फसवले असे माझे म्हणणे नाही. तेवढंच लिहिलं गेलं. चार लोकाईतलं कागदावर आलं नाही, कारण तो काही जबाब नव्हता, उलटा सवाल होता.  बाहेर आल्यावर मॅडम मले बाजूले घेऊन म्हणल्या का आता सारं तुह्यावर हाय, तू हायेस म्हणून केस हाय. फाईलमधे तुमच्या हातचा तो कागद होता साहेब, मी अकरा वर्साची असतानी सांगतलेला. अक्षर जरा फिकं झालं. त्याच्यावरून मॅडमनं माहं शपथपत्र टाईप केलं आन मले सही कराले सांगतली. मी वाचून सही केली. पूर्ण वाचली.

सही झाली तवा मी आतमधे नव्हती, साहेब. मामानं मले दहा रुपये देल्ले होते, बाहेर लिंबाखाली बर्फाच्या गोळ्याची गाडी होती, मी तठी होती. गोळा खाऊन बोटं लाल केली आन माय बाहेर आली तवा तिच्या पदराले पुसली. मामा आतमधे काय म्हणला ते मी ऐकलंच नाही. ते मायनं सातबारा काढल्याच्या दिवसापासून घरी सांगतलं, रोज सांगतलं, भाकर थापतानी, निंदतानी, एसटीत, एकटी असली तरी सांगे. मामाचे शब्द मले मायच्या तोंडून पाठ झाले. तुमी इचारलं तवा टेबल आपटल्याचा आवाज खोलीतून गेला नव्हता, माय रडून राहिली होती, आन तुमी अशा नजरेनं पाहत होते का मी हो म्हणलं तं सगळं चांगलं होईन. म्हणून मी हो म्हणली. माय तवा बाजूलेच बसली होती. तिले मालूम होतं मी बाहेर होती. ती फरशीकडं पाहत राहिली. आमी दोघी त्याच्यावर एवढ्या वर्सात एका शब्दानं बोललो नाही.

साक्षीच्या आदल्या दिवशी सकाळीच मी तिच्या मेसवर गेली. ती पोळ्या लाटत होती, पीठ कोपरापर्यंत. म्हणलं, माय, मी तं बाहेर होती. तिनं हात नाही थांबवला. म्हणली, जे सांगून राहिली ते खरं हाय का खोटं. म्हणलं, खरं हाय. "मंग?" एवढंच म्हणली. दोन-तीन पोळ्या झाल्यावर म्हणली का तुह्या जिवावर येत असन तं नोको सांगू, जाऊ दे ते वावर, आपलं चालूनच राहिलं. आन कंबरेवर हात ठेवून ताठ व्हायले गेली, झाली नाही. मले राग आला. जे तिनं एका शब्दात सांगायचं होतं ते तिच्यानं झालं नाही, तिचा भाऊ चार लोकाईत चांगला राह्यला पायजे, आन त्याले चोर म्हणाचं काम माह्याकडं आलं.  मी पोळ्याचा डब्बा उचलून देल्ला आन दुकानात गेली. दिवसभर तुमचाच विचार. तुमच्या हिशेबानं मी टपरीवरचा धोतरवाला झाली होती. फरक एवढाच का मी फुकट होती.

मंगळवारी पुकारा झाला, पिंजऱ्यात गेली, शपथ घेतली. मामाचा वकील म्हाताराच हाय, गोड बोलते. म्हणला, बेटा, तुमी तवा सहा वर्साच्या, एवढं लहानपणचं आठवते का. म्हणलं, आठवते. म्हणला का मामानं तुमाले दहा रुपये देऊन बर्फाचा गोळा खाले बाहेर धाडलं होतं. म्हणलं, नाही. म्हणला, सही झाली तवा तुमी लिंबाच्या झाडाखाली होत्या. म्हणलं, नाही, मी मायच्या मांडीपाशी उभी होती, टेबल माह्या नाकाएवढा होता. हे टेबलाचं मले कोणी शिकवलं नव्हतं, आपोआप आलं. जजबाईंनी माह्याकडं पाह्यलं आन जराक हासल्या, जसं लहान लेकरू दिसलं. तेही टाईप झालं, टेबलासकट. मामा एकटक पाहत होता. रागानं नाही. मामानं खोटं सांगून बहिणीचं वावर खाल्लं, हे सोळा आणे खरं हाय. पन त्या टायमाले त्या अख्ख्या खोलीत खरं एकटा मामाच बोलून राहिला होता, तेही वकिलाच्या तोंडानं, आन त्याच्यावर कोणाचाच इस्वास बसला नाही. मायवर बी खरी असतानी बसला नव्हता, तिच्या सहीवर बसला होता. तुमी हे असं उलटं झालेलं पाह्यलं असतं तं व्हरांड्यात येऊन काय म्हणले असते, ते मी लय वेळ शोधलं. सापडलं नाही.

बाहेर पायरीवर मामा आमच्या बाजूनं गेला. थांबला. मायले म्हणला, "बाई, पोट्टीनं साक्ष चांगली देल्ली." मायनं पदर तोंडाले लावला. मंग मामानं इचारलं का जेवल्या का तुमी. माय म्हणली, हो दादा, तू. तो म्हणला का जेवतो आता, आन काठी टेकत गेला. आमी कोणीच जेवलं नव्हतं. मॅडम माह्या पाठीवर हात फिरवून म्हणल्या का सरांनी तुले बरोबर ओळखलं होतं. पुढच्या महिन्यात वकिलाईचं बोलणं होईन, मंग निकाल. मॅडम म्हणतात आपली बाजू भारी हाय. वापसीच्या गाडीत बडनेऱ्याले उतरेपर्यंत माय खिडकीकडं तोंड करून बसली.

काकू अजून त्याच घरी राहते म्हणे. ही पानं फाडून तिले द्यावं, फोटोसमोर ठेव म्हणावं, असं मनात आलं होतं. पन ती वाचन, आन तिनं वाचलं तं मॅडमपर्यंत जाईन, मंग मायचं वावर जाईन. म्हणून वहीतच राहू देतो, भरली का मालकीण रद्दीत टाकते. एक गोष्ट फक्त तुमालेच सांगतो. पिंजऱ्यात उभी होती तवा पयला सवाल याच्या आंधी मी वकिलाईच्या खुर्च्याईकडं पाह्यलं. एवढे वर्सं मी दर तारखेले तिथं तुमाले पाहत आली, नाही दिसले का वाईट वाटे. त्या दिवशी पाह्यलं, आन तुमी नव्हते, तं मले बरं वाटलं.